वाढत्या अंगाचा कोट

प्रिय टाचणी,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर, आणि गुडघ्यांचं रडगाणं मी दर रविवारी फोनवर गातेच. त्या फोनचं मला कधीकधी हसू येतं. जेवलीस का, जेवले, तू जेवलीस का, हो, थंडी आहे का, आहे, बरं मग ठेवते. आपण दोघी वर्षभरात जेवणाबद्दल जेवढं बोललो तेवढं खानावळवालेही बोलत नसतील. मला जे सांगायचंय ते त्या दोन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय मी कसाबसा धीर करून सुरुवात करायची आणि तू नेमकं 'आई, आवाज तुटतोय' म्हणायचं, याची भीती वाटते. कागदाचा आवाज तुटत नाही. म्हणून आज सकाळची कामं उरकून पुढच्या खोलीत, बाबांच्या कटिंगच्या टेबलावर लिहायला बसले. दुकानाची पाटी उतरवली तरी मी या खोलीला अजून दुकानच म्हणते. मशीन आहे तिथेच आहे, त्यावर चादर घातली आहे. आरसाही आहे तिथेच. टेबलाच्या कडेला तू कात्रीनं पाडलेली खाच आहे ना, ती लिहिताना मनगटाला लागते.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी बुधवारी दुपारी वाचनालयात जाते. पुस्तक बदलायला नाही, ते तर मी शनिवारी बदलते. झालं असं की तुझे बाबा गेल्यावर मी फार वाचायला लागले होते. दोन दिवसांत एक पुस्तक. ग्रंथपालबाईंनी एकदा शिक्का मारता मारता चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, अहो, तुम्ही वाचताय की पळताय? मी म्हटलं, गुडघ्यांनी पळता येत नाही, म्हणून डोळ्यांनी पळते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बुधवारी या, हाताला काम देते. तिथं आम्ही सहाजण कापडाची वही करतो. म्हणजे पानं कापडाची, आणि त्यांवर जे जवळचं असेल ते लावायचं. कागद, दोरा, रंग, बटण, तिकीट, काहीही. खळीनं चिकटवायचं, वरून टाके घालायचे, आणि रोज त्या वहीत एक ओळ लिहायची. शाईनं लिहा नाहीतर दोऱ्यानं. बाईंचा नियम एकच, ओळ चांगली नको, खरी हवी. एक निवृत्त पोस्टमनकाका आहेत. ते जुन्या पाकिटांच्या खिडक्या कापून कापडावर लावतात. काम सुंदर, पण टाके असे की कुत्रं मागे लागलंय आणि सायकल पंक्चर आहे. मी सांगायला गेले की म्हणतात, वहिनी, तुमचं घराणं शिंप्याचं, आमचं चिखलाचं.

पहिल्या बुधवारी मला काही सुचेना. बाईंनी विचारलं, तुम्ही वाचायला कुठे शिकलात तिथून सुरू करा. तुला ठाऊक आहे, मी चौथीत शाळा सोडली, आणि लग्न होऊन आले तेव्हा जोडाक्षर दिसलं की ठेच लागायची. मी वाचायला शिकले ती बाह्यांवर. तुझे बाबा वर्तमानपत्राचे कट काढायचे. बाहीचा, पाठीचा, कॉलरचा. ते खिळ्याला लटकलेले असायचे आणि मी काज करता करता ते वाचत बसायचे. बातमी खांद्याजवळ मुंढ्याच्या गोलाईशी तुटायची. कुठं आग लागली ते कळायचं, विझली का ते कधीच नाही. एका माणसाला कोर्टानं काय शिक्षा दिली हे मला आजतागायत माहीत नाही, कारण तो निकाल कुणाच्या तरी खांद्यात गेला. मी तक्रार केली की बाबा म्हणायचे, पुढचं तूच रच. तर माझ्या वहीचं पहिलं पान तसं झालं. जुन्या बाहीचा कागद, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या मांजरपाटावर चिकटवला, आणि बातमी जिथं तुटली तिथून पुढे लाल दोऱ्यानं लिहिलं, 'आग विझली. सगळे सुखरूप आहेत.' पोस्टमनकाकांनी ते पान बराच वेळ हातात धरलं होतं.

मग मला नादच लागला. बाबांच्या मोडक्या सुया आणि गंजलेल्या टाचण्या मी एका डबीत ठेवल्या होत्या. टाकवत नव्हत्या. त्या व्हिनेगरनं ओल्या केलेल्या कापडात दोन दिवस गुंडाळून ठेवल्या की कापडावर गंजाचे ठसे उमटतात, तांबूस, एकेक सुई वेगळी ओळखू येते. ते दुसरं पान. तिसऱ्यावर त्यांच्या खडूच्या चुऱ्याचा निळा हात फिरवला. रोजची ओळ कधी चुकवली नाही. 'आज मशीनला तेल दिलं, कुणासाठी ते माहीत नाही.' 'आज दोन कप चहा टाकला, एक ओतला.' 'आज आरशावरची चादर काढली.' वाचणाऱ्याला यात काय दिसणार? पण लिहून झालं की दिवस जरा जागेवर बसतो. दुःख कमी होत नाही गं. ते आपलं शेजाऱ्यासारखं असतं, येता-जाता दिसतं. हाताला काम असलं की त्याला नुसतं 'बरं आहे ना' म्हणून पुढे जाता येतं.

चौथ्या पानासाठी मी मापाच्या वह्या काढल्या. त्या तुला आठवत असतील, लांबट, लाल पाठीच्या. बाबा गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहायचे नाहीत. म्हणायचे, नावं विसरतात, अंग विसरत नाही. 'डावा खांदा पडका.' 'घाईवाला.' 'दोन पेनं.' 'श्वास रोखतो.' 'आरशात बघतो.' त्या श्वास रोखणाऱ्याच्या पुढे कंसात लिहिलंय, कंबर दोन इंच जास्त धरणे. मी एकटीच हसले. माझं पान शोधलं तर वर 'घरचं माप' एवढंच होतं, आणि लग्नापासून शेवटच्या ब्लाउजपर्यंत सगळे आकडे, मी कशी कशी सुटत गेले त्याचा पुरावा. एवढं मन लावून मला दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही. वह्या कापायचा धीर झाला नाही. मी ती नावं पानावर दोऱ्यानं उतरवून घेतली आणि वह्या परत कपाटात ठेवल्या. एक वही चाळायची राहिली. सगळ्यांत जुनी, कव्हर गेलेली. म्हटलं, बघू नंतर. तेव्हाच बघितली असती तर हे पत्र वेगळं झालं असतं.

आता त्या दिवसाचा विषय काढावा लागेल. काढायला मलाही आवडत नाही. तू बावीस वर्षांची होतीस आणि तुला त्या तयार कपड्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती, कॉम्प्युटरवर कट काढायची. तू किती खुशीत होतीस. याच टेबलावर कागद पसरून बाबांना समजावत होतीस, शिवणीत एवढं कापड आत ठेवायची गरज नाही, पाव इंच पुरतं, हजार शर्टांमागे एवढं कापड वाचतं. बाबांनी विचारलं, म्हणजे माया ठेवतच नाही? आणि तू म्हणालीस, बाबा, आता कोण उसवत बसतंय? नाही बसला तर लोक नवा घेतात. तुला माहीतच आहे, त्यांच्या धंद्याचा सगळा धर्म त्या एका शब्दात होता. अंग वाढतं, सुटतं, म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवायचं, ती माया. लहान मुलाच्या कपड्याला दोन इंच, मोठ्याला एक. ज्यानं माया ठेवली नाही तो शिंपी त्यांच्या लेखी कसाई. ते एवढंच म्हणाले, जिथं माया ठेवत नाहीत तिथं चाललीस. जा. आणि तू, माझी टाचणी ती टाचणीच, टोचल्याशिवाय कशी राहशील, तू म्हणालीस, तुमची सगळी माया शिवणीतच असते, बाबा. बाहेर कधी दिसलीच नाही. बाबांनी कात्री खाली ठेवली. उघडीच ठेवली. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी उघडी कात्री टेबलावर ठेवलेली पाहिली नव्हती. त्यानंतर तू गेलीस, आणि दहा वर्षं ते तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तुझा फोन आला की ते मशीन थांबवायचे. मला वाटायचं, रागानं थांबवतात.

हे सगळं तुला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते आता लिहिते. तीन महिन्यांपूर्वी मला वहीसाठी जाड कापड हवं होतं, पुढची पानं जरा भक्कम करायची म्हणून. टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात राहिलेले कपडे असतात, लोक शिवायला टाकून नेत नाहीत ते. तळाशी जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. आत राखाडी लोकरीचा कोट, लांब, कच्च्या दोऱ्यानं टाचलेला, ट्रायलसाठी ठेवतात तसा. वर टाचणीनं चिठ्ठी लावली होती, बाबांच्या अक्षरात, 'वाढतं अंग'. मी म्हटलं, कुणाच्या तरी मुलाचा कोट, मूल वाढून मोकळं झालं, कोट राहिला. मुलाच्या मानानं तो केवढा मोठा आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही. घडी पूर्ण उलगडलीसुद्धा नाही. पाठ वर आली होती, अखंड, सपाट, मध्ये शिवण नसलेली. मला हवी होती तशी. मी त्यांचीच कात्री घेतली आणि त्या पाठीतून वीतभर लांबी-रुंदीचे चार चौकोन कापले.

चार पानं झाली त्यांची, आणि आजवरची सगळ्यांत चांगली झाली. एकावर गिऱ्हाइकांनी न नेलेली बटणं लावली, विसरलेल्या गोष्टींची यादी असावी तशी. एकावर गंजलेल्या टाचण्यांचा ठसा असलेली मलमल. एकावर वर्तमानपत्राची कॉलर. एक पान मोकळं ठेवलं, त्यावर नुसता पांढरा धावदोरा, येरझारा घातल्यासारखा. ग्रंथपालबाईंनी ती बघून सगळ्यांना जवळ बोलावलं. पोस्टमनकाका म्हणाले, वहिनी, आता आमच्यात बसू नका, तुम्ही वर खुर्चीवर बसा. मी फुशारून घरी आले, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर चढवायला उरलेलं कापड काढावं म्हणून तो कोट पहिल्यांदा पूर्ण उलगडला.

बगलेची शिवण उसवायला घेतली आणि आत कापडच संपेना. मला वाटलं, दुमड पडली असेल. टेप लावली. चार इंच. दुसऱ्या बाजूला चार इंच. बाह्यांच्या खालून चार, खालच्या दुमडीत चार. टाचणी, लोकरीच्या कोटात चार इंच माया कुणी ठेवत नाही. तो माणूस चालताना गादी अंगावर घेतल्यासारखा दिसेल. मला आधी वाटलं, त्यांचा हिशोब चुकला. मग टाके बघितले. बाबांचे कच्चे टाके म्हणजे मुंग्यांची रांग, सगळे एका मापाचे. हे मात्र कुठे लांब, कुठे आखूड, एकदोन ठिकाणी सुई दोनदा शिरलेली. गाठोड्यात कटाचे कागद गुंडाळून ठेवले होते. त्या वर्तमानपत्रावरची तारीख वाचली. शेवटच्या आजारात मशीनला पाय लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या पुढच्याच महिन्यातली होती.

त्या महिन्यात ते रोज दुपारी दुकानात जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, कात्रीला तेल देतो. मी म्हणायचे, अहो, रोज तेल देऊन कात्रीला काय कुस्तीला उतरवायचंय? ते हसायचे आणि दार लोटून घ्यायचे. मी इकडच्या खोलीत पुस्तक वाचत बसलेली असायचे आणि मला कात्रीचा आवाज यायचा. तेल मुरावं म्हणून रिकामी चालवतात, असं धरून मी पान उलटायचे. रिकामी कात्री आणि जाड कापडातून जाणारी कात्री, दोन्हींचा आवाज किती वेगळा असतो! मी तीस-पस्तीस वर्षं तो ऐकला. मला कळायला हवं होतं. मी वाचत होते, आणि ते भिंतीपलीकडे कापत होते.

हे वाढतं अंग कुणाचं ते शोधायला मी ती राहिलेली वही काढली, कव्हर नसलेली. मधोमध दोन पानं भरून एकच गिऱ्हाईक होतं, वर लिहिलेलं, 'वाढतं अंग'. पहिली ओळ तुझ्या तिसऱ्या वर्षाची. उंची, छाती, खांदा, बाही, आणि शेवटी माया, दोन. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी ते तुला आरशासमोर उभी करायचे, आठवतं? तू हलायचीस म्हणून टेपचं टोक तुझ्या दातांत द्यायचे. चौथं वर्ष, पाचवं, दहावं, सोळावं. बाविसाव्यापर्यंत सगळे रकाने भरलेले. मी वही मिटणार होते. पण ओळी तिथं थांबल्या नव्हत्या. तू गेल्यानंतरचं साल होतं. उंचीच्या रकान्यात रेघ, छातीला रेघ, खांद्याला रेघ, बाहीला रेघ. माया, सव्वादोन. पुढचं साल, सगळ्या रेघा, माया अडीच. मग पुन्हा अडीच. मग पावणेतीन, तीन. अशा दहा ओळी आहेत, टाचणी. शेवटची त्यांच्या शेवटच्या वर्षातली, रेघा वाकड्या होत वर गेलेल्या. माया, चार. मी त्यांच्या हाताखाली एवढी वर्षं काज-बटण केलंय, मला एवढं कळतं. माप माहीत नसलं की शिंपी माया वाढवतो.

तू म्हणाली होतीस ते खरंच होतं. ती शिवणीतच होती.

आता माझ्याबद्दल. हे लिहायचं म्हणून मध्ये उठून दोनदा चहा केला. बाबा गेल्यावर तू आलीस, चार दिवस राहिलीस, आणि आपण किल्ल्या कुठे आहेत आणि डब्यांची झाकणं कुठली कुणाची यापलीकडे काही बोललो नाही. निघताना तू पायरीवर बसून बूट घालत होतीस. एक पायात होता, एक हातात. वर न बघता विचारलंस, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले होते का? मी म्हटलं, नाही. तू दुसरा बूट घातलास आणि गेलीस. ते नाही खोटं नव्हतं. ते खरंच काही म्हणाले नव्हते. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज माझा होता, त्यांचा नव्हता. तू आधी आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. आणि तू कशी येणार होतीस? मी तुला कळवलंच कुठे होतं? फोनवर 'बरे आहेत, जरा थकलेत' म्हणत राहिले. माझा हट्ट असा, की त्यांनी एकदा स्वतःहून तुझं नाव काढावं, मग मी तुला बोलावीन. मी सात महिने त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. हातांकडे बघितलं नाही. तुमच्या दोघांच्या हट्टाला मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि शेवटी सगळ्यांत महागात पडला तो माझा. तुझी तेवढी भेट मी खाल्ली. याची क्षमा मागायची तर शब्द तोकडे आहेत. मी फक्त सांगून ठेवते.

पुढचा आठवडा मी वहीत ओळ लिहिली नाही. बुधवारी गेले नाही. मग ग्रंथपालबाई घरी आल्या, पायऱ्या चढून धापा टाकत. त्यांना कोट दाखवला, पाठीतलं भगदाड दाखवलं. त्या म्हणाल्या, कापड कापून झालंय, ते काही परत विणलं जाणार नाही. पण पानं तुमच्याकडेच आहेत ना? मला तेवढं पुरलं. ती चारही पानं मी वहीतून सोडवली आणि होती तिथंच परत बसवली. कडेनं आतून पट्टी देऊन, बारीक टाक्यांनी, पाच आठवडे लागले. आता या कोटाची पाठ म्हणजे माझ्या वहीची चार पानं आहेत. बटणं, गंज, कॉलरचा कागद आणि तो पांढरा दोरा. कागदावर पातळ मलमल चढवली आहे म्हणून फाटणार नाही, पण हा कोट धुता येणार नाही, आणि इस्त्रीला तर मुळीच देऊ नकोस, बटणं वितळून पाठीला चिकटतील. बाबांनी बघितला असता तर म्हणाले असते, हा कोट आहे की भंगारवाल्याची गाडी. आणि मग टेप काढून खांदे बरोबर आहेत का ते बघितलं असतं.

वाचनालयात पुढच्या महिन्यात आमच्या वह्या मांडायच्या आहेत. कोट मधोमध टांगू, असं सगळ्यांचं म्हणणं. पोस्टमनकाकांनी हँगरसुद्धा आणला, लाकडी, रुंद खांद्यांचा. बाईंनी विचारलं, खाली चिठ्ठीवर काय लिहू? मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मी लाजतेय. काका म्हणाले, वहिनी, भाव खाऊ नका. मी म्हटलं, भाव नाही हो, हा गिऱ्हाइकाचा कपडा आहे, ट्रायल व्हायचीय, ट्रायलच्या आधी कपडा लोकांत टांगायची आमच्याकडे पद्धत नाही. काका हँगर परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आणून दिला. म्हणाले, मग ट्रायलपर्यंत तुमच्याकडे राहू दे.

म्हणून हे पत्र. बगलेच्या, बाहीच्या आणि खालच्या शिवणी मी कच्च्याच ठेवल्या आहेत. पक्की टीप मारायला माप लागतं आणि ते माझ्याकडे नाही. तू आता तेहतीस वर्षांची आहेस, खांदे कसे आहेत, अंग सुटलंय की सुकलंय, मला ठाऊक नाही. फोनवर मला नुसता तुझा आवाज येतो, आणि आवाजाला छाती-खांदा नसतो. माप लिहून पाठवू नकोस. लिहून आलेल्या मापाचा कपडा कधी बसत नाही, हे तुझ्या कंपनीला नसेल पटत, पण या घरात तो नियम आहे. तूच ये. आरशासमोर उभी राहा, मी टाचण्या लावीन, तू हललीस तर टेपचं टोक दातांत देईन. जेवढं लागेल तेवढं सोडू आणि उरलेलं आत तसंच राहू दे, कापायचं नाही. त्या जुन्या वहीत मी या वर्षाची ओळ घातली आहे. साल लिहिलं, चार रेघा मारल्या. मायेच्या रकान्यात माझ्यातर्फे अर्धा इंच वाढवावा असं फार वाटलं, पण कापड तेवढंच आहे, म्हणून चारच लिहिले. तुला सुट्टी केव्हा मिळते, काम किती असतं, हे मला समजतं, आणि घाई करून ये असं मी म्हणणार नाही. पण कच्चा दोरा फार दिवस धरत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुझीच,
आई